फळीखालून ऐकलेली हेवीवेटची लढत

विदर्भातल्या आमच्या वडशाकडे धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की मंडया, म्हणजे आमच्या जत्रा, सुरू होतात आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. शहरातल्या माणसाला नाटक म्हणजे नाट्यगृह वाटतं. आमच्याकडे बांधी असते. जिथे परवापर्यंत धान उभं होतं तिथे लाकडी बल्ल्या रोवायच्या, फळ्या टाकायच्या, पडदे सोडायचे आणि एका दिवसात रंगमंच उभा करायचा. दुसऱ्या दिवशी तो मोडायचा आणि पुढच्या गावाला न्यायचा. हेच काम मी उभं आयुष्य केलं.

माझं नाव यूसुफ. अब्बा बैलगाड्या बनवायचे. ट्रॅक्टर आले तशा गाड्या गेल्या. घरात रंधा, करवत, किकरं तशीच पडून होती, ती मी स्टेजसाठी उचलली. जोडीला देवाजी होता. तो माझ्याहून थोडा मोठा, बोलायला जास्त आणि उचलायला कमी, पण लाकडाची नजर पक्की.

स्टेजमध्ये फळ्या महत्त्वाच्या असं लोकांना वाटतं. फळ्या कोणीही ठोकतो. खरं काम फळीखाली असतं. खाली आडव्या तुळया, तुळयांना टेकू, टेकूखाली जाड पाट. बांधीची माती वरून वाळलेली दिसते, पण आत ओल धरून असते. टेकू नुसता मातीवर उभा केला तर पहिल्या अंकात सरळ बसलेला राजा तिसऱ्या अंकात सिंहासनासकट एका अंगाला कलतो. म्हणून टेकू आणि तुळई यांच्यामध्ये पाचर मारायची. पाचर म्हणजे एका बाजूला निमुळता केलेला लाकडाचा तुकडा. काही ढिलं झालं की तिच्यावर दोन ठोके दिले की पुन्हा घट्ट.

या धंद्यात गिऱ्हाइकं एकेक नग भेटली. एका कंपनीच्या मालकाला नवरीची एन्ट्री खऱ्या बैलबंडीतून पाहिजे होती. मी बैलांसाठी उतार बांधून दिला. बैल गुमान वर आले, नवरी उतरली, टाळ्या पडल्या. पण बैलांना मागे उलटं चालता येत नाही हे कोणाच्याच ध्यानात नव्हतं. पुढचा सगळा प्रवेश, त्यात बापाचं मरण होतं, तो बैलांच्या साक्षीनं झाला. दुसरा एक नट होता, खलनायक करायचा, आवाजाचा मोठा. तो दर वेळी येऊन सांगायचा, "यूसुफभाऊ, माह्या एन्ट्रीची फळी वाजली पायजे. लोकाइनं मान वळवाले पायजे." मी त्याच्यासाठी विंगेजवळची एक फळी मुद्दाम अर्धी सैल ठेवायचो. तो पाय ठेवायचा, फळी कर्रर वाजायची आणि बायाबापड्या पोरांना पोटाशी धरायच्या. त्याच्या अभिनयातला निम्मा भाग माझा होता असं मी आजही मानतो. त्याला मात्र हे कधी बोललो नाही.

पण या सगळ्या वर्षांत मला सगळ्यांत मोठं जे काही दिसलं, ते नाटकात दिसलं नाही. दिसलं म्हणणंही खोटं आहे. ते मी ऐकलं.

एका वर्षी मंडईच्या आधी रामटेके सर घरी आले. हे आमच्याकडे शाळेत खेळ शिकवायचे आणि सकाळ-संध्याकाळ पोरांना बॉक्सिंग शिकवायचे. चहा घेऊन म्हणाले, "यूसुफभाऊ, विदर्भातले हेवीवेट बॉक्सर वडशात आणून राह्यलो. अजिंक्यपद इथीच ठरनार. रिंग तुमी बांधा."

मी म्हटलं, "सर, नागपूरले लोखंडी रिंग भेटते ना तयार."

"भेटते. पण तिची तारीख दुसऱ्याइले देल्ली. तुमच्या स्टेजवर बैल उभे राह्यले म्हनते लोक."

"बैल उभे राह्यले, नाचले नाई."

सर हसले. मग त्यांनी समजावून सांगितलं. हेवीवेट म्हणजे वजनाच्या सगळ्यांत वरच्या पायरीवरचे गडी. एकेक माणूस नव्वद किलोच्या पुढचा, सगळा हाडामांसाचा, चरबी नाही. असे दोघे एकमेकांवर जातात, दोरांवर आदळतात, खाली पडतात. त्यामुळे रिंगची जमीन मजबूत पाहिजे, पण दगडासारखी नको. पडणाऱ्याच्या डोक्याला मार बसू नये म्हणून तिनं थोडं दबलं पाहिजे. वर प्लाय, प्लायवर दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा, त्यावर ताणून बसवलेलं कॅनव्हास. चार कोपऱ्यांना खांब आणि चार पदरी दोर. एक कोपरा लाल, एक निळा. हे दोन खेळाडूंचे. उरलेले दोन पांढरे, ते कोणाचेच नाहीत.

हे काम मला नवीन होतं. नाटकाचं वजन सरळ खाली येतं. रिंगचं वजन चारी बाजूंनी ओढतं, कारण दोरावर माणूस रेलला की खांब आत झुकतो. मी आणि देवाजीनं चार दिवस डोकं लावलं. बायकोनं कोपऱ्यांच्या गाद्या शिवल्या, आत सावरीचा कापूस भरला. रिंग उभी राहिली तेव्हा ती मला माझ्या कोणत्याही स्टेजपेक्षा देखणी वाटली.

सरांनी आपला गडी आणला. सुखदेव मडावी. कुरखेड्याकडच्या जंगलातल्या एका गावचा, लाकूड डेपोत सागाचे ओंडके ट्रकवर चढवायचा. वय पंचविशीच्या आत-बाहेर. मी त्याला पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्या तुळयांची काळजी वाटली. खांदे दारात मावत नव्हते. पण तो चपला काढून, वाकून, जमिनीला हात लावून रिंगवर चढला आणि फिरू लागला, तेव्हा मी खाली टेकू तपासत होतो. मला वरून काहीच ऐकू येईना. बाहेर डोकं काढून पाहिलं तर हा गडी सगळ्या रिंगभर फिरत होता. एवढं वजन, आणि फळीला पत्ता नाही. जंगलात चालणाऱ्या माणसाचे पाय होते ते.

"कशी वाटते रिंग?" मी विचारलं.

"बरी हाय जी," एवढंच म्हणाला.

दुसरा गडी होता राजन्ना. बल्लारपूरकडच्या कोळसा खाणीतला. घरची माणसं मूळची सिरोंच्याकडची, घरात तेलुगू. अजिंक्यपद आधीच्या वर्षीपासून त्याच्याकडेच होतं. पस्तिशी उलटलेली, कानांजवळ केस पिकायला लागलेले, एक भुवई जुन्या जखमेनं तुटलेली. सर म्हणाले, "हा मानूस समोरच्याले कोपऱ्यात नेते. एकदा कोपऱ्यात नेलं का मंग संपलं. हेच याचं हत्यार."

मंडईच्या दिवशी सकाळी उपांत्य लढती झाल्या. बांधी माणसांनी फुलली होती. शंकरपटाच्या बैलशर्यती पाहणारे, बाजाराला आलेले, बायका, म्हातारे, सगळे रिंगभोवती. सुखदेव आपली लढत जिंकला तेव्हा कुरखेड्याकडच्या लोकांनी ढोल वाजवले. मग राजन्नाची लढत लागली. दुसऱ्या राउंडमध्ये त्याचा प्रतिस्पर्धी त्याला मिठी मारून लोंबकळला आणि दोघे मिळून एका पांढऱ्या कोपऱ्याजवळ आडवे झाले. दोन म्हशी एकदम पडाव्यात तसा आवाज झाला. त्या आवाजाच्या पोटात मला दुसरा एक आवाज ऐकू आला. लाकूड तडकल्याचा.

राजन्ना जिंकला. टाळ्या चालू असतानाच मी रिंगखाली शिरलो. त्या कोपऱ्यातल्या तुळईला मधोमध चीर गेली होती. आणि खालची माती हाताला चिकटली. पलीकडे पाण्याचा टँकर उभा होता, त्याची गळती सकाळपासून हळूहळू आमच्या रिंगखाली येत होती.

पंच होत्या नागपूरच्या काळबांडे मॅडम. बारीक अंगाच्या, पांढऱ्या कपड्यांतल्या, आवाज मात्र असा की ढोलवाले थांबायचे. त्यांना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या वाकून आत आल्या, चीर पाहिली आणि म्हणाल्या, "अशी रिंग मला चालणार नाही. दुपारपर्यंत होत असेल तर बघा. नाही झाली तर फायनल इथे नाही."

रामटेके सरांचा चेहरा उतरला. फायनल इथे नाही म्हणजे ती नागपूरला आणि नागपूरला म्हणजे या हजारो माणसांच्या डोळ्यांपुढून सुखदेव निघून जाणार. त्याच्या गावचे लोक डोक्यावर शिदोरी घेऊन आले होते.

मी आणि देवाजी कामाला लागलो. टँकर हलवला. तडकलेल्या तुळईला दोन्ही बाजूंनी येनाच्या लाकडाचे नवे तुकडे जोडून बोल्टांनी आवळले. येन म्हणजे आमच्या जंगलातलं टणक लाकूड, करवतीचे दात घालवतं. मग तिच्याखाली दोन नवे टेकू, टेकूंखाली रुंद पाट. तुळईची आता मला भीती नव्हती. भीती मातीची होती. ओल्या मातीवर टेकू हळूहळू खाली जातो आणि प्रत्येक आदळण्याबरोबर थोडा जास्त.

मी टेकू ठोकत असताना रिंगच्या कडेचा पडदा वर झाला आणि एक प्रचंड अंग रांगत आत आलं. राजन्ना. अजून बनियनवर होता, गळ्यात टॉवेल. तो टेकूपाशी बसला, बोटाच्या पेरानं त्याच्यावर टकटक केलं आणि कान लावला. मग तुळईवर टकटक. मग पाटाखाली बोटं घालून माती चोळून पाहिली.

"तुमी काय करून राह्यले अण्णा?" देवाजीनं विचारलं.

"खाणीत हेच काम करतो मी," तो म्हणाला. "छताला टेके लावायचं. हा टेका चांगला हाय. जमीन खराब हाय."

"मले मालूम हाय," मी म्हटलं. "म्हनून मी लढतीच्या टायमाले इथीच बसतो. टेकू खाली गेला का पाचर मारत जाईन."

तो माझ्याकडे वळला. अंधारात त्याची तुटकी भुवई तेवढी दिसत होती. "वर आमी दोघं नाचू, अन् तुमी इथं खाली बसणार?"

"पाचर बाहेरून नाई मारता येत."

त्यानं टेकूवर पुन्हा एकदा टकटक केलं. मग म्हणाला, "आमच्या खाणीत मोठ्या लोकांनी शिकवलं होतं. लाकडाचा टेका मोडायच्या आधी बोलते. लोखंड बोलत नाही, एकदम जाते. तुमचं लाकूड बोललं तर बाहेर निघा. पाचर-बिचर बघू नका."

मी हो म्हटलं. तो जसा आला तसा रांगत निघून गेला. देवाजी म्हणाला, "आपल्या छतावर नाचनारा मानूस छत पाहून गेला गा." त्या क्षणापासून माझ्या मनात त्या माणसाबद्दल एक धाक बसला. ताकदीपेक्षा त्याच्या लाकूड-मातीच्या पारखीचा.

मॅडमनी रिंगवर पाच-सहा गडी एकदम उड्या मारायला लावले, स्वतः खाली येऊन पाहिलं, मला पुन्हा पुन्हा विचारलं आणि मग परवानगी दिली. दुपार कलल्यावर फायनल लागली.

मी टॉर्च, हातोडा आणि पाचरांची पिशवी घेऊन आत बसलो. देवाजीला बाहेर पडद्यापाशी ठेवलं, म्हणजे तो पाहून मला सांगेल. सुरुवातीला त्यानं सांगितलंही. "आले. हात मिळवले. सुखदेव निळा हाय. घंटी वाजली." मग, "मारलं." मी विचारलं, "कोनं?" "थो," देवाजी म्हणाला. "कोनाले?" "त्याले." थोड्या वेळानं तेही बंद झालं. देवाजी पाहण्यात बुडाला आणि मी एकटा राहिलो.

पण मला कळत होतं. मी सांगतो तर खोटं वाटेल, पण फळीखाली बसलेल्याला सगळं कळतं. राजन्नाचं पाऊल जड होतं, टाच आधी, मग पंजा, जमीन दाबून दाबून पुढे येणारं. सुखदेवचं पाऊल नुसतं घासल्यासारखं, जेमतेम ऐकू येणारं. मधून मधून मॅडमचे बूट, हलके, भराभर, त्या दोघांच्या मध्ये शिरायचे आणि बाहेर यायचे. त्या दोन डोंगरांमध्ये ती बाई कशी फिरत होती, मला आजही नवल वाटतं. आणि ठोसे. ठोशाचा आवाज हवेतून येत नव्हता, तो पायांतून यायचा. मारणाऱ्याचा पाय आधी फळीत रुतायचा, मग धप्प, मग खाणाऱ्याचे पाय मागे सरकायचे. अख्खी रिंग श्वास घेतल्यासारखी वर-खाली व्हायची. मी तिची एकेक फळी हातानं ठोकली होती. मला ती आता ओळखीची वाटेना.

पहिला राउंड माझ्यापासून दूर गेला. टेकू थोडा बसला होता, मी पाचर मारली.

दुसऱ्या राउंडमध्ये जड पाऊल पुढे पुढे यायला लागलं आणि घासणारं पाऊल मागे मागे. मागे मागे म्हणजे माझ्याकडे. रामटेके सर म्हणाले होते तसं, कोपऱ्यात. सुखदेव पांढऱ्या कोपऱ्यात अडकला, बरोबर माझ्या डोक्यावर. धप्प, धप्प, एकावर एक. लोक ओरडत होते, मला सुखदेवचे पाय जागच्या जागी हलताना ऐकू येत होते. मग टाच जोरात रुतली, एक ठोसा बसला, आणि सुखदेव पडला.

त्या पडण्याचं वर्णन मला करता येत नाही. सगळी रिंग माझ्यावर उतरली असं वाटलं. धूळ डोळ्यांत गेली. टेकू पाटासकट मातीत बसला आणि तुळईतून एक लांबलचक कण्हल्यासारखा आवाज निघाला. लाकूड बोललं. राजन्नानं सांगितलं होतं की बोललं तर निघा. मी निघालो नाही, कारण मला हलताच आलं नाही. वर सगळं शांत झालं होतं. कुरखेड्याकडच्या लोकांचे ढोल, बाया, सगळं एकदम बंद. फक्त मॅडमचा आवाज. वन. टू.

सुखदेव माझ्या वर पालथा पडला होता. आमच्यामध्ये एक प्लाय, एक नमदा आणि कॅनव्हास. दोन प्लायच्या जोडावर त्याचं तोंड असावं, कारण त्याचा श्वास मला ऐकू येत होता. आणि मग मॅडमच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज ऐकू आला. दातांवरच्या रबरामुळे अडखळत, पण शांत. नालुंग. सैयुंग.

मला गोंडी येत नाही, पण बाजारात मोहाची, चारोळीची मापं मोजताना आकडे कानावर पडून पडून पाठ झाले आहेत. चार. पाच. तो मोजत होता. मॅडम इंग्रजीत, आणि हा फळीला तोंड लावून आपल्या आईच्या भाषेत. सारुंग. त्याचा गुडघा खाली आला. येडुंग. दोन्ही हात फळीवर दाबले गेले. मग मला त्याची दोन्ही पावलं ऐकू आली, एकापाठोपाठ एक, आणि मॅडमचा "एट".

वर जो गलका झाला त्यात पुढचं काही ऐकू आलं नाही.

राउंड संपला. एका मिनिटाची विश्रांती. मी मोठी पाचर घेतली आणि हातोड्यानं ठोकायला लागलो. तो ठोकण्याचा आवाज वर सगळ्यांना जात असणार. मॅडमनी पडदा वर करून विचारलं, "चालेल?"

मी तुळईवर टॉर्च फिरवला. जोड घट्ट होता, चीर वाढली नव्हती. "चालते मॅडम. तुळई मजबूत हाय. माती दबली तेवढी."

"नक्की?"

"मी इथीच हाव ना," मी म्हटलं.

तिसरा राउंड. मी डोक्यावर एक हात धरून बसलो होतो, कारण मला ठाऊक होतं की आता राजन्ना त्याला पुन्हा इथेच आणणार. एकदा पडलेला माणूस, तोच कोपरा, तेच हत्यार. पण पावलं आलीच नाहीत. ती दुसऱ्या अंगाला राहिली. एकदा घासणारं पाऊल माझ्याकडे सरकलं, सुखदेव मागे येत होता, तेव्हा जड पाऊल एकदम बाजूनं धावलं, त्याच्या आणि कोपऱ्याच्या मध्ये आलं आणि धप्प असा एक ठोसा पडला. तो राजन्नानं खाल्ला, कारण त्याचीच टाच घसरली. मग दोघे पुन्हा दूर. पुन्हा एकदा तसंच झालं. माझ्या डोक्यावरची फळी सगळ्या राउंडभर जवळजवळ मोकळी राहिली. मी पाचर हातात धरून बसलो होतो आणि मारायची गरजच पडली नाही. आणि हळूहळू, माझ्या टाळूपासून पाठीपर्यंत, मला काय चाललं आहे ते कळायला लागलं.

घंटा झाली. पाच जजांपैकी तिघांनी सुखदेवला दिलं, दोघांनी राजन्नाला. मॅडमनी सुखदेवचा हात वर केला म्हणे. मी तो पाहिला नाही. देवाजी नाचत होता आणि मला सांगायचं विसरला. मी ढोलांवरून ओळखलं.

बाहेर आलो तेव्हा सुखदेवच्या गळ्यात हार पडत होते. त्याच्या आईनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं. गर्दी ओसरल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "तू पडला होता तेव्हा मोजून राह्यला होता ना?"

तो लाजला. "सरांनं सांगतलं होतं, आठपर्यंत आराम कर, मंग उठ. डोक्स्यात आवाज घुमत होता जी. इंग्रजी आकडे मांगंपुढं होत होते. आपले मोजले. ते मांगंपुढं नाई होत."

"अन् तिसऱ्या राउंडले? माह्या कोपऱ्यात काऊन नाई आले तुमी दोघं?"

तो हळूच म्हणाला, "मी येत होतो. मले वाटलं कोपऱ्यात पाठ टेकली का बरं पडन. त्याइनं येऊच नाई देल्लं. दोनदा मधात आले. मले त्याचेच पॉइंट भेटले." एवढं बोलून त्यानं हार काढून हातात घेतला आणि जमिनीकडे पाहत राहिला.

राजन्ना शाळेच्या व्हरांड्यात एकटा बसून हातांवरच्या पट्ट्या सोडत होता. डोळा सुजला होता. बल्लारपूरकडची गाडी संध्याकाळची होती, पिशवी भरून तयार होती. मी त्याच्याजवळ बसलो. कसं विचारावं कळेना. शेवटी सरळ विचारलं.

"अण्णा, तिसऱ्या राउंडले तुमी त्याले कोपऱ्यात काऊन नाई नेलं?"

"पोरगा चांगला खेळला," तो म्हणाला.

"थे मले मालूम हाय. मी खाली होतो. मले तुमचे पाय ऐकू येत होते."

तो पट्टी गुंडाळत राहिला. एक हात झाला, दुसरा सोडायला घेतला. मग म्हणाला, "एक गोष्ट सांगतो. माझ्यामुळं तो जिंकला असं कोणाला सांगू नका. आठवर तो उठला, मी त्याचे डोळे पाहिले. एकदम साफ. त्याच टायमाला मला समजलं का आज मी याच्या हातून हरणार. एवढ्या वर्षांत मी एवढ्या लोकांना पाडलं, असा उठलेला नाई पाहिला."

"पन तरी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. व्हरांड्याच्या कठड्यापलीकडे रिंग दिसत होती, पोरं तिच्यावर चढून उड्या मारत होती.

"दुसऱ्या राउंडनंतर तुमी पाचर मारली," तो म्हणाला. "मी स्टुलावर ऐकत होतो. किती ठोके पडले त्यावरून समजते. टेका किती गेला होता खाली?"

मी हाताची चार बोटं एकाला एक जोडून त्याच्यासमोर धरली.

तो त्या चार बोटांकडे बघत राहिला. खाणीत अंधारात रोज छताकडे बघत असेल तसा, घाई न करता. मग त्यानं मान हलवली.

"मंग तिकडं नाई नेलं ते बरं झालं," म्हणाला, आणि पिशवी खांद्याला लावून स्टेशनकडे चालायला लागला.